वाइन आस्वादन
वाइन आस्वादन म्हणजे वाइनचा रंग, गंध आणि चव यांची क्रमाने केलेली पारख होय. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला विनयार्ड्सने २००५ मध्ये पर्यटकांसाठी आस्वादन कक्ष सुरू केला.

प्रथम पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरपा धरून रंग पाहतात. मग तो हलकेच फिरवून गंध घेतात आणि शेवटी लहान घोट जिभेवर घोळवून गोडवा, आंबटपणा व तुरटपणा जोखतात. लाल वाइन सालीसह आंबवली जाते. तिचा रंग सालीतून, तर तुरटपणा साली व बियांतील टॅनिनमुळे येतो. म्हणून नाशिकची खाण्याची हिरवी, बिनबियांची द्राक्षे तिला उपयोगी पडत नाहीत. शिराझसारख्या जाती स्वतंत्रपणे लावाव्या लागतात.

अनेक नमुने पारखताना परीक्षक घोट थुंकून टाकतात, कारण मद्याचा अंमल चढल्यास पारख बिघडते.