आज रात्री न्हाणीघर रिकामं ठेवा

शनिवारी रात्री साडेदहा वाजले, की मुलुंडच्या आमच्या घरात न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीत एक जुना पंचा कोंबला जातो, खिडकीच्या काचेला काळा कागद लागतो आणि आतून ह्यांचा आवाज येतो, "दिवा लावू नका हं कोणी!" मग दहा मिनिटं सगळं घर अंधारात. सासूबाई होत्या तोवर त्या बिचाऱ्या देवाचं नाव घेत बसायच्या. मी मात्र सुरुवातीला खूप चिडायची. उद्याचं धुणं भिजवायचं असतं, आणि इथे बादलीत बर्फ!

आता तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना हे काय खूळ? पण मैत्रिणींनो, हे खूळ एकट्या आमच्या घरात नाही बरं का. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी सकाळी कान्हेरीच्या लेण्यांकडे जाऊन बघा. गळ्यात जुना रोलचा कॅमेरा अडकवलेली दोन-चार मंडळी हमखास भेटतील, आणि त्यांत विशी-पंचविशीची मुलंमुलीही असतील. तेव्हा तुमच्याही घरात उद्या कोणी न्हाणीघर मागितलं, तर काय द्यायचं, काय नाही आणि कशावर नजर ठेवायची, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

पहिला प्रश्न अर्थात खर्चाचा. माझी हिशेबाची वही आहे, तिच्यात मी रोलसुद्धा मांडते, दूधवाल्याच्या खालच्या ओळीत. मागच्या वर्षी आमच्याकडे रोल लागले ११. एकेकात ३६ फोटो, म्हणजे वर्षाचे ३९६. नातवाच्या बारशाला आमच्या लेकीने एका दिवसात मोबाइलवर त्याहून जास्त काढले! रोलवाल्यांत ह्यांचं प्रमाण मध्यमच म्हणायचं. ह्यांच्या ओळखीचे घाटकोपरचे एक निवृत्त गृहस्थ वर्षाला चारच रोल वापरतात. अंधेरीची एक मुलगी आहे, तिचा कॅमेरा अर्ध्या चौकटीचा, म्हणजे ३६च्या रोलवर ७२ फोटो निघतात. ती स्वस्ताई म्हणून घ्यायला गेली, आणि आता तीन-तीन महिने रोल संपत नाही म्हणून कुरकुरते. रोल संपल्याशिवाय धुता येत नाही ना!

बाहेरून येणारा हा माल महाग असतो. पूर्वी आपल्याकडे उटीला सरकारी कारखाना होता, हिंदुस्थान फोटो फिल्म्स. १९६० साली स्थापन झालेला. त्याच्या 'इंदू' नावाच्या फिल्मा तुमच्यापैकी कित्येकींना आठवत असतील. तो आता बंद पडला. आज काळीपांढरी फिल्म येते ती इंग्लंड, अमेरिका, नाहीतर चेकोस्लोव्हाकियातून (आता नुसतं चेक म्हणायचं, पण जुनी सवय). म्हणून जाणती मंडळी आपण वर्षाचे गहू भरतो तशी फिल्म भरतात. शंभर फुटांचा एक डबा आणायचा, आणि अंधारात तिचे तुकडे करून जुन्या रिकाम्या डब्यांत गुंडाळायचे. एका डब्यात ३६ फोटोंचे साधारण १८ रोल होतात, आणि सुट्या रोलपेक्षा बरेच स्वस्त पडतात. हा डबा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. मी भाजीच्या खणात एक कोपरा दिला आहे, पण अट घालून: घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि बाहेर काढल्यावर दोन-तीन तास तसाच राहू द्यायचा. गार डबा लगेच उघडला, की आपल्या दमट हवेत आत दव धरतं.

घरात फिल्म धुण्याची ही कटकट नवी नाही, आणि ती एकट्या पुरुषांनी कधीच केलेली नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले, आणि दादरच्या घरातच त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चा संसार मांडला. त्या वेळी कोरी फिल्म भोकांशिवाय येई. ही भोकं अंधारात, हाताने पाडायची. ते काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म धुणं, रसायनं कालवणं हेही त्या शिकल्या, आणि शिवाय कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याचकडे! ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला, पण पाटीवर त्यांचं नाव कुठे असणार? हे वाचल्यापासून मी पंचा कोंबताना कुरकुर जरा कमी करते. जरा हं.

आता धुण्याकडे वळू. रंगीत रोलच्या भानगडीत घरी पडू नये, असं माझं मत. त्याला ३८ डिग्रीचं पाणी लागतं, आणि तेही अर्ध्या डिग्रीचा फरक न पडता. तो सरळ प्रयोगशाळेत द्यावा. काळापांढरा मात्र घरी उत्तम होतो. पूर्ण अंधार लागतो तो फक्त रोल डब्यातून काढून चक्रीवर चढवून टाकीत घालेपर्यंत. टाकीचं झाकण लागलं, की दिवा लावा आणि खुशाल आमटीला फोडणी द्या. छोट्या रोलला टाकीत ३०० मिलिलिटर पाणी पुरतं, मोठ्याला ५००.

पुढची पायरी म्हणजे डेव्हलपर. जुन्या जाणत्यांचा ठरलेला मसाला डी-७६: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. आयती पूडही मिळते. पण आपली अडचण वेगळीच. सगळ्या पुस्तकांत पाणी २० डिग्रीचं सांगतात, आणि मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी तिशीला टेकलेलं! पाणी गरम, तर फिल्म भराभर काळी होते आणि वरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो. नखाचा ओरखडासुद्धा कायमचा राहतो. म्हणून परातीत बर्फाचं पाणी घ्यायचं आणि रसायनाच्या बाटल्या त्यात उभ्या करायच्या. बर्फ रसायनात टाकायचा नाही, ते पातळ होतं. अगदीच जमलं नाही तर २४ डिग्रीवर धुवावं आणि वेळ कमी करावा, दर डिग्रीला साधारण दहा टक्के. पण पाच मिनिटांच्या खाली वेळ आणली तर डाग पडतात.

डेव्हलपरनंतर पाण्याने विसळून हायपो. फिल्मचा एक तुकडा हायपोत टाकून बघायचा. तो किती वेळात पारदर्शक होतो ते मोजायचं, आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल आत ठेवायचा.

मग येते शेवटची धुलाई, आणि आमच्या घरातलं खरं भांडण इथलंच. हे अर्धा तास नळ सोडून ठेवायचे. आमच्याकडे पाणी सकाळी येतं, आणि रात्री वरच्या टाकीतलं जपून वापरायचं असतं. मी एकदा मुख्य नळच बंद केला! त्यानंतर ह्यांनी इंग्लंडच्या फिल्म कंपनीनेच सांगितलेली रीत शोधून काढली. टाकी पाण्याने भरायची, पाच वेळा उलटीसुलटी करायची, पाणी ओतून द्यायचं. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. झालं! लिटरभर पाण्यात रोल स्वच्छ. आपण तांदूळ असेच धुतो की नाही?

वाळवायला दोरी आणि कपड्यांचे चिमटे पुरतात, एक वर आणि एक खाली वजनाला. पंखा नको, धूळ चिकटते. आधी गरम पाण्याची वाफ न्हाणीघरात कोंडली, की हवेतली धूळ खाली बसते. ही युक्ती माझी स्वतःची आहे असं मी सांगत असते. तशी ती बऱ्याच जणांना माहीत आहे.

आणि हो, तुमच्या स्वयंपाकघरातूनच निघणारा एक डेव्हलपर आहे. १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या एका शिक्षणसंस्थेत प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी तो शोधला: इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा! पुढे त्यात 'क' जीवनसत्त्वाची भर पडली. लिटरभर पाण्यात धुण्याचा कोरडा सोडा ५४ ग्रॅम, 'क' जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम, चिकोरी नसलेली स्वस्तातली कॉफी ४० ग्रॅम. २० डिग्रीवर पंधरा मिनिटं. सोडा खायचा नव्हे, धुण्याचा. आणि खडे असतील तर सुमारे पावणेतीनपट घ्यावे लागतात, कारण त्यांत पाणी असतं. वास मात्र असा येतो की त्या दिवशी घरात कोणी कॉफी मागत नाही. हायपो यालाही लागतोच.

काही गोष्टींत मुळीच ऐकून घेऊ नका. मापाचे पेले, चमचे, बाटल्या वेगळ्या हव्यात आणि त्यांच्यावर तेलरंगाने खूण हवी. रसायन सरबताच्या बाटलीत भरू द्यायचं नाही, कितीही रिकामी असली तरी. मेटॉलने काहींच्या हातांना खाज सुटते, तेव्हा हातमोजे घालावेत. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. एक्स-रेवाल्यांचा असा हायपो चांदीसाठी विकत नेतात. आपल्या दोन-चार रोलांतून नथ होईल एवढी चांदी निघायची नाही, पण कॅनमध्ये साठवून अशा ठिकाणी पोचवता येतो.

एवढं सगळं शिकले ते मी एका रोलसाठी. आप्पा, म्हणजे माझे वडील, १९८६ साली गेले. त्यांच्याकडे अगफा क्लिक थ्री होता, एका रोलवर बाराच चौकोनी फोटो. एक रोल आम्हाला गणपतीपासून होळीपर्यंत पुरायचा. फोटो काढायच्या आधी आप्पा सगळ्यांना श्वास रोखायला लावायचे आणि बऱ्याचदा शेवटी कॅमेरा खाली करून म्हणायचे, "नको, उद्या काढू." दोन वर्षांपूर्वी घाटकोपरच्या घरातली ट्रंक आवरताना तो कॅमेरा सापडला. मागच्या लाल खिडकीत आकडा दिसत होता ९. आत रोल होता.

आधी एका दुकानात विचारलं. काउंटरवरच्या मुलाने रोल हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "यात काही नसणार, काकू." मी परत घेऊन आले. ह्यांनी महिनाभर हात लावला नाही. एवढा जुना रोल, बर्फ, पाणी, चुकलं तर पुन्हा संधी नाही. मग डिसेंबरातल्या एका रात्री धुतला. कॉफीने नव्हे, जुन्या फिल्मवर आधीच काजळी धरलेली असते, कॉफीने ती वाढते. ताजा डी-७६ आणि पाणी अगदी थंड. तुमच्याकडे असा रोल असेल तर तो जुना आहे हे धुणाऱ्याला आधी सांगा. आणि रंगीत असला तरी फार जुना असेल तर आता तो काळापांढराच धुवावा लागेल, त्या वेळची रसायनंच राहिली नाहीत.

टाकी उघडली तेव्हा मी कंदील धरल्यासारखी मोबाइलचा दिवा धरून उभी होते. पहिले पाच करडे. त्यांच्यावर मागच्या कागदावरचे आकडे उमटलेले, गोलातले ४, ५. मग तीन फोटोंत माणसं दिसली. एकात चाळीची गॅलरी आणि पापड वाळत घालणाऱ्या दोघी बायका.

सकाळी तो मोठा करून आईकडे नेला. आई आता शहाऐंशीची आहे. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिला. पापडांपाशी ती स्वतः, शेजारी आक्का. मला वाटलं, आक्कांबद्दल काही बोलेल. पण तिने बोट ठेवलं ते खाली, फरशीवर. फोटो काढताना ऊन पाठीमागे घ्यायचं, ही आप्पांची शिस्त. त्यामुळे फरशीवर एक लांब सावली पडली होती, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली.

"हे बघ," आई म्हणाली, "हे."

नववा फोटो कोराच निघाला. ट्रंकेत आणखी दोन रोल आहेत, चांदीच्या कागदात गुंडाळलेले. ते जानेवारीत धुवायचे ठरवलं आहे. त्या दिवसांत बर्फ कमी लागतो.