चौक गेला, निदान खिडकी तरी मागा!

मैत्रिणींनो, घराची सजावट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पीओपीचं छत, भारी पडदे आणि शोकेसमधली प्लॅस्टिकची फुलं! बचत गटाच्या कामानिमित्त निलंगा आणि आसपासच्या बऱ्याच घरांत माझं जाणं होतं. घर नवंकोरं असतं, पण घरातली बाई हळूच म्हणते, "ताई, आत नुसतं कोंडल्यासारखं होतं बघा."

आपली जुनी घरं आठवा. मध्ये चौक, चौकात तुळस, माळवदाच्या झरोक्यातून येणारा उन्हाचा कवडसा, मागं परसात कढीपत्ता. ऊन-वारा न विचारता घरात यायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्यानंतर आपण सिमेंटच्या घरांकडे वळलो, ते योग्यच झालं. पण माळवदासोबत चौकही गेला, परसही गेलं. जीव घेतला तो दगडामातीच्या ओझ्यानं. चौकातल्या तुळशीनं कुणाचं काय वाईट केलं होतं?

झाड नुसतं दिसलं तरी माणसाला बरं वाटतं. अमेरिकेतले रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. मग सारा दिवस चार भिंतींत राबणाऱ्या आपल्याला एक हिरवी फांदी दिसायला नको का?

यासाठी फार खर्च लागत नाही. खिडकीत तुळस, पुदिना, पानओवा लावा. उन्हाच्या जागी कोरफड, कमी उजेडात मनी प्लांट. मात्र मनी प्लांटची पानं लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. गच्चीवर कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे स्लॅबला ओल धरत नाही. गच्चीला चुना मारला की उन्हाळ्यात घर कमी तापतं. दारंखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून पाणी शिंपडलं, तर गारवाही येतो आणि सुवासही. आणि हो, चार कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होत नाही. त्यासाठी खिडक्या उघडाव्याच लागतात.

"पाणी कुठून आणायचं?" हा प्रश्न आपल्या भागात खराच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. पण तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मोरीत जातंच ना? पाच-सहा कुंड्या त्यावर आरामात जगतात. फक्त कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास होतात.

शेवटी एक महत्त्वाचं. नवं घर बांधताना नकाशा ठरवतात मालक आणि मिस्त्री. आपण चहा देऊन आत जातो. तसं करू नका. तिथंच बसा आणि ठामपणे सांगा, "ओट्यासमोर खिडकी हवी, समोरासमोर वारा हवा आणि मागं एका झाडापुरती माती मोकळी सोडा." त्या घरात सगळ्यात जास्त वेळ आपणच राहणार आहोत!