एजंट आठ, रेपो एक

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ‘कर्सर’ या कोड एडिटरने एका वेळी आठ एआय एजंट चालवायची सोय दिली. आठही जण एकाच कोडवर तुटून पडतात, तरी एकमेकांच्या फायली तुडवत नाहीत. याचे श्रेय एआयचे नाही. ते गिटमधल्या, तेव्हाच दहा वर्षे जुन्या असलेल्या ‘वर्कट्री’चे आहे.

फीचर अर्धवट असताना प्रॉडक्शनवर बग आला, की काम स्टॅश करा नाहीतर रेपो पुन्हा क्लोन करा, हीच पूर्वीची रीत. जुलै २०१५ मध्ये गिट २.५ आले आणि ‘गिट वर्कट्री ॲड’ हाती पडले. इतिहासाचे कोठार एकच. फोल्डर हवे तितके आणि प्रत्येकात वेगळी ब्रँच. नव्या फोल्डरमधले ‘.गिट’ ही डिरेक्टरी नसते. ती मूळ रेपोकडे बोट दाखवणारी एका ओळीची फाइल असते. न्ग्वेन थाय न्गोक झुई आणि एरिक सनशाइन यांची ही कामगिरी मला गिटमधली सर्वांत देखणी वाटते.

एकच ब्रँच दोन फोल्डरांत उघडायला गिट नकार देते. नवखे चिडतात आणि ‘फोर्स’ लावतात. पण नकार रास्त आहे. ब्रँच म्हणजे शेवटच्या कमिटवर ठेवलेली खूण. एका फोल्डरमध्ये कमिट केले की खूण पुढे सरकते, दुसऱ्यातल्या फायली मात्र जुन्याच राहतात. मग तिथे सहज कमिट करणारा सहकाऱ्याचे काम नकळत उलटवून टाकतो.

मात्र ही फारकत फायलींपुरतीच आहे. पोर्ट आणि लोकल डेटाबेस सामाईकच राहतात. दोन एजंटांनी एकाच डेटाबेसवर मायग्रेशन चालवले तर गोंधळ ठरलेला. स्टॅशही सगळ्या फोल्डरांचा एकच. ‘.एन्व्ह’सारख्या गिटबाहेरच्या फायली नव्या फोल्डरात येत नाहीत. काम संपल्यावर फोल्डर हाताने उडवले तर नोंद मागे उरते, म्हणून ‘वर्कट्री रिमूव्ह’च वापरावे.

आठ ब्रँच म्हणजे वाचायला आठ डिफ, आणि ते वाचणारा माणूसच असतो. टीम लीडनी किती एजंट चालवले हे मोजणे थांबवावे. संध्याकाळपर्यंत नीट वाचून मर्ज करता येतील, तेवढ्याच वर्कट्री सकाळी उघडाव्यात.