पाणी नव्हे, कण कापतात

आयटीआय करून कुरखेड्याहून नागपूर-पुण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांच्या कानावर वॉटरजेटबद्दल पहिले वाक्य पडते ते असे: पाण्याने लोखंड कापतात. हे अर्धेच खरे आहे.

नुसत्या पाण्याच्या झोताने कागद, फोम, रबर कापता येते. १९५०च्या दशकात अमेरिकेत नॉर्मन फ्रान्झ या वनशास्त्राच्या अभियंत्याने लाकूड कापण्यासाठीच हा झोत वापरून पाहिला. सागवानाच्या मुलखात हे मुद्दाम सांगावेसे वाटते. धातू मात्र या झोताला दाद देत नव्हता. १९८०च्या सुमारास मोहम्मद हाशिश यांनी झोतात कठीण कण मिसळले आणि पोलाद कापले जाऊ लागले. आज बहुतेक ठिकाणी गार्नेट या कठीण खनिजाचे कण वापरतात. सुमारे ४००० बर दाबाचे पाणी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने सुटते, कणांना ओढून नेते आणि प्रत्येक कण धातूचा सूक्ष्म कपचा काढतो. कुरखेड्याच्या सती नदीच्या पुरात खडक घासते ती वाळू. पाणी तिला फक्त वेग देते. इथेही तसेच.

झोत हवा तितका बारीक करता येतो, हाही समज चुकीचा. नेहमीच्या कापाची रुंदी साधारण १ मिमी असते. त्याहून अरुंद खाच हवी तर नळी अरुंद आणि गार्नेट बारीक लागते. पण बारीक भुकटी ओल धरते, गोळा होते, नळीत अडकते. कण थांबले की कापही थांबतो.

आरपार न कापता ठरावीक खोलीची खाच काढायची असेल, तेव्हा खरी कसोटी लागते. मिलिंगच्या कटरला खोली लावून देता येते. झोताला टोकच नसते. दाब आणि कणांचे प्रमाण तेच ठेवले, तर खाच किती खोल जाईल ते झोत सोडणारे हेड किती वेगाने सरकते यावर ठरते. वळणावर हेड मंदावले की तिथे खड्डा पडतो. म्हणून एकाच संथ फेरीऐवजी अनेक वेगवान फेऱ्या मारतात आणि वळणे जॉबच्या बाहेर घेतात. तरीही तळ थोडा लहरदार राहतोच. थंड ठेवण्याच्या प्लेटमधल्या खाचांत त्याने पाण्याचा प्रवाह बदलतो, म्हणून तळ मोजल्याशिवाय जॉब पास करू नये.

उष्णतेने धातू बिघडत नाही, हे खरे. मात्र टायटॅनियम, ॲल्युमिनियममध्ये गार्नेटचे कण रुतून बसतात. तेही तपासावे लागतात.

आणि 'पाणीच तर आहे' हा सर्वांत घातक गैरसमज. झोत कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी आतले ऊतक फाटलेले असते, घाण खोल गेलेली असते. मलमपट्टी करून घरी जाऊ नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि जखम उच्च दाबाच्या झोताची आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.