केस फाइल आता कोण वाचतं?

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिच्याही आधी, १९१७ मध्ये, अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी ‘सोशल डायग्नोसिस’ लिहून पुरावा वेगळा आणि अनुमान वेगळं, हे बजावलं होतं. १९६८ मध्ये डॉ. लॉरेन्स वीड यांनी वैद्यकीय नोंदींना शिस्त लावली: रुग्ण काय सांगतो, आपल्याला काय आढळलं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करायचं. समुपदेशकांनीही ती उचलली.

आपल्याकडे खरा बदल घडला तो नोंद कपाटातून बाहेर पडल्यावर. १९८४ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. घरातल्या मारहाणीची तक्रार समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात ऐकू लागली. मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. संरक्षण अधिकाऱ्याने भरलेला घटनेचा अहवाल आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी विचारात घ्यायचा असतो. त्यात हिंसेची तारीख, वेळ, ठिकाण लागतं.

‘किरकोळ भांडण, बाई तापट वाटतात’ या नोंदीचं अशा वेळी काय करायचं? किरकोळ कुणी ठरवलं? ‘तापट’ हा तर लिहिणाऱ्याचा ग्रह, आणि तो त्या बाईच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. त्याऐवजी ‘डाव्या दंडावर काळानिळा वळ दिसला. नवऱ्याने काल रात्री पट्ट्याने मारलं, असं सांगतात. बोलताना दोनदा उठून दाराकडे गेल्या’ असं लिहिलं, तर पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं राहतं. त्यांना भीती वाटत असावी, हे आपलं मत. ते लिहावं, पण मत म्हणूनच. नवऱ्याचं म्हणणंही त्याच्याच शब्दांत यावं. तटस्थ नोंद म्हणजे कोरडी नोंद नव्हे. त्या बाईची बाजू तारीख-वेळेनिशी लिहिणं हीच मला तिच्याविषयीची मोठी आस्था वाटते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क दिला. म्हणजे ज्याच्याविषयी लिहिलं, तोही आता वाचक झाला.

समाजकार्य महाविद्यालयांना एवढीच विनंती: क्षेत्रकार्यात विद्यार्थ्यांकडून नुसते अहवाल भरून घेऊ नका. त्यांची एकेक नोंद समोर घेऊन, कुठलं वाक्य ऐकलेलं आणि कुठलं कल्पलेलं, हे त्यांच्यासोबत बसून तपासा.