परांची-प्रथिने

परांची-प्रथिने : कोशिकेतील (पेशीतील) एकाच संकेत-साखळीच्या दोन किंवा अधिक घटकांशी बद्ध होऊन त्यांना एकत्र आणणारी प्रथिने. गवंड्यांच्या परांचीवरून हे नाव पडले. बाहेरून आलेला संकेत (उदा., हॉर्मोन) ग्राही प्रथिनाकडून एंझाइमांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत जातो. यांतील कित्येक एंझाइमे निरनिराळ्या साखळ्यांना सामाईक असतात. तरीही संकेतांची सहसा सरमिसळ होत नाही, याचे एक प्रमुख कारण ही प्रथिने होत.

पावासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टमधील स्टी-५ हे याचे उत्तम अभ्यासलेले उदाहरण होय. स्टी-११, स्टी-७ व फस-३ या तीन कायनेजांना (फॉस्फेट गट जोडणाऱ्या एंझाइमांना) ते धरून ठेवते व संयोगाचा संकेत पुढे जातो. हेच स्टी-११ खारट माध्यमात पीबीएस-२ या दुसऱ्या परांचीवर काम करते आणि कोशिका वाढत्या तर्षण दाबाला तोंड देते. २००३ मध्ये अमेरिकेत वेंडेल लिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टी-५ व पीबीएस-२ यांचे जोडप्रथिन बनविले, तेव्हा संयोगाचा संकेत मिळताच यीस्टने मीठ वाढल्यासारखा प्रतिसाद दिला. परांची हे नाव मात्र काहीसे फसवे आहे. बांधकामाची परांची निष्क्रिय असते. स्टी-५ हे फस-३ ला स्टी-७ ची क्रिया होण्याजोगे बनविते. शिवाय परांची-प्रथिन प्रमाणाबाहेर वाढल्यास साखळीचे घटक वेगवेगळ्या रेणूंवर विखुरतात व संकेत क्षीण होतो.

१४-३-३ हा प्रथिनगट काटेकोरपणे परांची नसला, तरी त्याच्या जवळचा आहे. त्याचा रेणू जोडीने असल्याने तो दोन प्रथिनांना एकत्र धरू शकतो. (१९६७ मध्ये मेंदूतील प्रथिने अलग करताना मिळालेल्या क्रमांकावरून हे नाव आले, त्यावरून कार्याचा काहीच बोध होत नाही.) रायगड जिल्ह्यात पनवेलच्या खाडीलगतच्या खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन केंद्रात (ॲक्ट्रेक) सोराब दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. १४-३-३ गॅमा हे सीडीसी-२५सी या विभाजन-प्रेरक प्रथिनाला अडवून धरते. त्यामुळे डीएनएला इजा झालेली कोशिका अकाली विभागत नाही. २०१६ मध्ये त्यांनी असे दाखविले की, गॅमा कमी केल्यास तारककाये (विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढणाऱ्या तर्कूचे ध्रुव निर्माण करणाऱ्या संरचना) वाजवीपेक्षा वाढतात, गुणसूत्रांची संख्या बिघडते व उंदरांत अर्बुदे अधिक होतात. अशा कोशिका जादा तारककायांचे पुंजके करून दोनच ध्रुव राखतात व जगतात. १४-३-३ शी बद्ध न होणारे सीडीसी-२५सी त्यांत घातले असता मात्र पुंजके फुटून तर्कू बहुध्रुवी झाले, अनेक कोशिका मेल्या व अर्बुदांची वाढ घटली.