पिशवी धुण्यापूर्वी

प्रसूती, गर्भपात अथवा सिझेरियन होऊन काही आठवडे लोटल्यावर एखाद्या स्त्रीच्या अंगावरून एकाएकी रक्त जाऊ लागले, की ‘पिशवीत काही राहिले असेल, धुऊन घ्या’ असा सल्ला अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी सहज मिळतो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु क्वचित दोष गर्भाशयाच्या भिंतीतील रक्तवाहिन्यांचाच असतो, आणि तेथे पिशवी धुण्यासाठी क्युरेटिंग केल्यास रक्तस्राव आवरेनासा होऊन प्राणावर बेतू शकते.

धमनीतील रक्ताने केशवाहिन्यांच्या सूक्ष्म जाळ्यातून जाताना आपला जोर गमवावा आणि मग शिरेत उतरावे, हा शरीराचा रिवाज होय. पिशवीच्या भिंतीला झालेली इजा भरून येताना हे जाळे वगळून धमनी व शीर यांचा थेट संबंध जुळला, तर धमनीचा सारा दाब नाजूक शिरांवर येऊन त्या फुटतात. डॉक्टर ह्यास एव्हीएम, म्हणजे धमनी-शिरा विकृती, म्हणतात. ही विकृती जन्मजातही असते, पण विरळा. दुब्रय आणि लूबा या संशोधकांनी तिचे प्रथम वर्णन केले ते १९२६ साली, म्हणजे परळचे केईएम रुग्णालय उघडले त्याच वर्षी. सिझेरियनमध्ये धमनीला चीर पडून तिच्याबाहेर रक्ताचा फुगा तयार होणे, हा याच्याच जवळचा दुसरा प्रकार.

साध्या सोनोग्राफीत भिंतीमध्ये काही काळ्या पोकळ्या तेवढ्या दिसतात. कलर डॉप्लर लावताच मात्र तेथे रंगपंचमी उसळते. तरीही तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण पिशवीत राहिलेल्या वारेच्या अंशाभोवतीही असाच प्रवाह आढळतो, आणि तो कित्येकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. म्हणून बीटा एचसीजी या गर्भधारणेच्या संप्रेरकाची रक्ततपासणी सोबत हवीच. पूर्वी अशा रुग्णेची पिशवी काढण्यावाचून इलाज नसे. आता जांघेतून वा मनगटातून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेऊन ती धमनी आतूनच बुजवता येते, आणि या एम्बोलायझेशननंतर पुढे गरोदर राहिलेल्या स्त्रियाही आहेत.

मात्र निदानाची किल्ली बहुधा पूर्वेतिहासात असते, आणि तोच दडवला जातो. दुकानातून आणून घेतलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांची हकीकत सासूबाईंसमोर कोण सांगणार? केस पेपर पूर्वेतिहासाच्या रकान्यापुरता कोराच राहतो. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव उघड करण्यास १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने मनाई केली आहे, हे डॉक्टरांनी रुग्णेला स्पष्ट सांगावे, आणि ते सांगताना सोबतच्या मंडळींना आदराने बाहेर बसवावे.